एमएस्सीच्या मुलांना तंत्रज्ञान वापरून शिकवायला कसं शिकवावं?

कातळसडा (रत्नागिरी)
आमची भौतिकशास्त्राची एमएस्सी भाग दोनची मुलं एफवायच्या प्रॅक्टिकलला मदत करतात, अधूनमधून तासही घेतात. त्यांना तंत्रज्ञानाचं प्रशिक्षण द्यायचं काम माझ्याकडे आलंय. गेल्या वर्षी बाहेरून एक तज्ज्ञ आले आणि एका दुपारीत ढीगभर ॲप दाखवून गेले. परिणाम काय, तर मुलांनी पुस्तकातले परिच्छेद पीपीटीवर चढवले आणि वर्गाकडे पाठ करून वाचून दाखवले. त्यात जुलैत लाइट कधी जाईल सांगता येत नाही, नेटची रेंज फक्त जिन्यात. सुरुवात कुठून करू?

खाडीपलीकडचा (मालवण)
सर, ॲपांची यादी फेकून द्या. आधी प्रत्येकाला विचारा, एफवायची पोरं नेमकी अडतात कुठे? उदाहरणार्थ, एकसर जोडणीत पहिला दिवा करंट ‘खातो’ आणि दुसऱ्याला उरलासुरला मिळतो, असं निम्म्या वर्गाला मनातून वाटत असतं. त्यासाठी ‘फेट’ या प्रकल्पाचं सर्किटचं सिम्युलेशन (संगणकावरचा आभासी प्रयोग) आहे. कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प कार्ल वाइमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. फाइल उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा, नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालते.

पण आमच्याकडे एक अट आहे : पोरांनी आपापलं उत्तर वहीत लिहिल्याशिवाय स्विच दाबायचा नाही. मग हात वर करून मतं घ्यायची. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असली, की शेजाऱ्याशी वाद घालू द्यायचा आणि पुन्हा मतं घ्यायची. हार्वर्डला एरिक मॅझूर १९९१ पासून असंच शिकवत आले. त्याला लाइटही लागत नाही!

प्रत्येकाला दहा मिनिटं द्या, मित्रांसमोर. मधेच तुम्ही मेन स्विच बंद करा. पुढे काय करतो ते बघा. (पोरं शिव्या घालतात, घालू देत.)

आंबोळी
मी पीएचडी करतेय. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत सगळ्याच पीएचडीवाल्यांना आपल्या विषयाच्या अध्यापन-लेखनाचं प्रशिक्षण सांगितलंय, आणि आठवड्याला ४ ते ६ तास सहायकाचं कामही देता येतं. तुमच्याकडे संशोधन केंद्र असेल तर तिथल्या पीएचडीवाल्यांनाही बसवा.

कातळसडा
दादा, मेन स्विचची कल्पना उचलली. फायफॉक्स हे मोबाइलवर प्रयोग करायचं ॲप वापरावं का? दोन मोबाइल, दोन टाळ्या, ध्वनीचा वेग.

खाडीपलीकडचा
अवश्य. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं आहे, फुकट, नेट नको. त्यातलं घड्याळ एका आवाजाला सुरू होतं, पुढच्या आवाजाला थांबतं. दोन मोबाइल ५ मीटरवर ठेवा. पहिली टाळी एकाजवळ, दुसरी दुसऱ्याजवळ. दोन्हींवरच्या वेळांतला फरक साधारण ०.०३ सेकंद येतो. १० मीटरला (दोन टाळ्यांचे ५ + ५) त्याने भागा. फक्त तुमची लॅब पत्र्याची असेल तर पावसाच्या आवाजानेच घड्याळ सुरू होईल. थ्रेशोल्ड (किती मोठ्या आवाजाला घड्याळ सुरू व्हावं ती पातळी) वाढवायला सांगू नका हं, त्यांचं त्यांना सापडू दे. एफवायच्या पोरांसमोर अडले तर तिथेच सुचवायला हवं ना!

कातळसडा
पत्र्याचीच आहे. शनिवारी करतो.