विषय: मिरचीच्या रोपाने मान टाकली आहे (तातडीचं)

नमस्कार मंडळी,
बागकाम गटाने वाटलेल्या मिरचीच्या रोपांपैकी सातवं माझ्याकडे आहे. शनिवारी मोठ्या कुंडीत हलवताना मातीचा गोळा फुटला आणि निम्मी मुळं तुटली. रोज पाणी घालतेय तरी पानं लोंबलेलीच, आज खालची दोन पिवळी पडली. पाणी वाढवू का? उद्यापासून दोन दिवस मी घरी नाही, म्हणून घाई.
– सातव्या रोपाची पालक

---

अगं, पाणी थांबव आधी! पाणी ओढून घेतात ती मुळांच्या टोकाजवळची केसांसारखी तंतू. तीच गेली, म्हणून माती ओली असूनही पान तहानलेलं. त्यावर आणखी ओतलंस तर मुळांना हवा मिळणार नाही, उरलेलीही कुजतील. बोट पेरभर मातीत खुपस, कोरडं लागलं तरच पाणी. ऊन थेट लागू देऊ नकोस, उजेड मात्र हवा. नवी पालवी येईपर्यंत खत अजिबात नको.
– काका

---

काकांचं बरोबर आहे, पण कुंडी केवढी घेतलीस ते कोणी विचारलंच नाही. वाटपाच्या दिवशी मी प्रत्येकाला सांगितलं होतं की जुनीपेक्षा दोन बोटं रुंद, बस. एवढ्याशा मुळांभोवती ढीगभर माती असली की ती वाळतच नाही. आणि बागेचे प्रश्न बागकाम गटाकडे आधी यावेत अशी विनंती मी मागेही केली होती. रोपं आम्ही वाढवलीत, जीव तुटतो.
– बागकाम गटाची ताई

---

ताई, प्रश्न कुठेही येऊ दे, रोप वाचलं पाहिजे. मी टोमॅटो खोडापर्यंत खोल पुरते, भराभर मुळं फुटतात. तसंच करून बघ.
– वहिनी

---

वहिनी, मिरचीला तो भरवसा नाही. टोमॅटोइतकी सहज तिच्या खोडाला मुळं फुटत नाहीत, ओल्या मातीत खोडच सडायचं. आधी होतं तेवढ्याच खोलीवर राहू दे.
– काका

---

माझं असंच एक रोप गेलं म्हणून मी फेकायला निघाले होते. खोडावर नखाने हलकं खरवडलं तर आत हिरवं! ठेवून दिलं, तीन आठवड्यांनी बगलेतून फूट आली. फेकू नकोस गं.
– मावशी

---

सगळ्यांचे आभार. खरवडलं, हिरवं आहे. कुंडी ताई म्हणतात त्याच्या दुप्पट निघाली, चूक माझी. परत छोट्या कुंडीत हलवू? चार कळ्याही आल्यात.
– सातवी

---

आता पुन्हा हलवू नकोस, उरलेली मुळंही दुखावतील. मातीला कुजका वास आला तरच काढून बघ. पांढरी, घट्ट मुळं चांगली. तपकिरी, लिबलिबीत असतील ती कापायची. कळ्या मात्र आजच खुड. माझ्याही जिवावर येतं, पण मुळं भरून येईपर्यंत फुलांचा भार नको. हिरवी पानं ठेव, त्यांच्यावरच नवी मुळं पोसली जातात.
– ताई

---

आणि दोन दिवसांसाठी वरून पारदर्शक पिशवी सैल घाल, थोडी हवा जाऊ दे. पानांतून पाणी कमी उडेल. उन्हात मात्र ठेवू नकोस, आत भाजेल. दुपारी मलूल आणि सकाळी ताठ दिसलं तर समज मुळं कामाला लागली.
– काका

---

कळ्या खुडल्या, पिशवी घातली, बशीत साचलेलं पाणी ओतून टाकलं. परवा रात्री परतल्यावर कळवते.
– सातवी