वडिलांचे अबोल दान पुढे कसे चालवावे?

प्रश्न

हिंगणा औद्योगिक वसाहतीत आमचा लोखंडी कामाचा लहानसा कारखाना आहे. मागच्या वर्षी बाबा गेले आणि कारभार माझ्याकडे आला. जुन्या कीर्दी चाळताना दर उन्हाळ्यात एकच नोंद पुन्हा पुन्हा दिसली: ‘जाळी, देवलापार, धर्मादाय’. कामगारांकडे चौकशी केली तेव्हा कळले की देवलापारजवळ, पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाला लागून असलेल्या शेतांतील बिनकठड्याच्या विहिरींवर बसवण्यासाठी बाबा स्वखर्चाने लोखंडी जाळ्या करून देत असत. वनमजुरांसाठी बूट आणि शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी सायकलीही त्यांनी दिल्या होत्या. घरात आम्हां कोणालाच याचा पत्ता नव्हता. जाळीवर कारखान्याचे नाव घालू का, असे फोरमनकाकांनी एकदा विचारले, तेव्हा “विहीर शेतकऱ्याची, जंगल सर्वांचे, त्यात आपले नाव कशाला?” एवढेच बाबा म्हणाले होते.

हे काम मला चालू ठेवायचे आहे. नाव लावून, छायाचित्रे काढून केले तर इतर कारखानदारही पुढे येतील, असे धाकट्या भावाचे म्हणणे आहे. मला मात्र ते बाबांच्या मनाविरुद्ध वाटते. पैसे आणि वस्तू रीतसर कशा द्याव्यात, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (निवृत्त वनाधिकारी)

ताई, आपल्या वडिलांनी नेमकी गरज ओळखली होती. आपल्याकडे जंगलालगतच्या अनेक विहिरी जमिनीच्या पातळीलाच उघड्या असतात, कारण खोदकाम आणि मोटर यांतच शेतकऱ्याची पुंजी संपते आणि कठडा ‘पुढच्या साली’वर जातो. रात्री रानडुकराचा पाठलाग करणारा बिबट्या त्यात पडतो. अंधारात माणूसही पडतो. असा बिबट्या वर काढण्यासाठी आम्ही दोरांना बांधलेली बाज आत सोडत असू, आणि तो तिच्यावर चढेपर्यंत काठावरची गर्दी मागे हटवणे हेच सर्वांत जिकिरीचे काम असे.

जाळी करताना मोटर वर काढता येईल एवढे झाकण अवश्य ठेवावे, नाहीतर पहिल्याच दुरुस्तीच्या वेळी शेतकरी ती कापून टाकतो आणि त्यात त्याचा दोष नसतो. विहीर खासगी असल्यामुळे त्याची लेखी संमती घ्यावी. वनमजुरांसाठी किंवा जंगलातील पाणवठ्यांसाठी काही द्यायचे असल्यास ते परस्पर कोणाच्या हाती देऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी संवर्धन प्रतिष्ठान स्थापन करण्याची तरतूद आहे. देणगी तिथे द्यावी आणि पावती घ्यावी.

उत्तर २ (करसल्लागार, धरमपेठ)

कंपन्यांवरील सामाजिक दायित्वाचे बंधन, म्हणजे मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के खर्चाचे, आपल्याला लागू होण्याची शक्यता कमी आहे. ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक तरी निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीसाठीच ते आहे. आपण देता ते निव्वळ स्वेच्छेचे दान ठरते. प्राप्तिकरात वस्तुरूप देणगीला वजावट नाही, २,००० रुपयांवरील रोख देणगीलाही नाही, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर देणगीची ही वजावट मुळातच मिळत नाही. त्यामुळे सवलतीचा हिशेब बाजूला ठेवून, पण प्रत्येक जाळीचे लोखंड आणि मजुरी वहीत नोंदवूनच हे काम करावे.

नावाबाबत मला आपल्या भावाचेही म्हणणे पटते. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० च्या मृत्युपत्राने आपली संपत्ती नागपूर विद्यापीठाला तंत्रशिक्षणासाठी दिली आणि १९४२ मध्ये त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. नाव लागले म्हणून ते दान हलके झाले नाही.

उत्तर ३ (शिक्षक, रामटेक तालुका)

नावापेक्षा मला देखभालीची चिंता अधिक वाटते. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव पहा. मालगुजारांनी, म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या जमीनदारांनी, आणि भंडाऱ्याकडील कोहळी समाजाने ते बांधले, त्यांवर धानाची शेती पोसली गेली. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि पाळ व पाट सांभाळणारा हक्काचा माणूस न उरल्याने कित्येक तलाव गाळाने भरले. बांधणाऱ्याचे नाव विसरले गेल्याने तलावाचे काही बिघडले नाही. राखणारा गेला तेव्हा बिघडले.

आमच्या शाळेतील मुलींनाही एका दात्याकडून सायकली मिळाल्या होत्या. समारंभ थाटात झाला. दुसऱ्या पावसाळ्यात निम्म्या सायकली ट्यूब आणि चेनअभावी भिंतीला टेकलेल्या होत्या, आणि चार किलोमीटर पायी येणाऱ्या दोन मुलींनी शाळा सोडली. तेव्हा ताई, दहा नव्या सायकली देण्याआधी जुन्या दहांच्या दुरुस्तीचे पैसे गावातल्या दुकानदाराकडे ठेवा. जाळ्यांचेही तेच: गंज चढला की रंग कोण लावणार, हे आधी ठरवा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. भावाशी बोलले. जाळीवर नावाऐवजी फक्त क्रमांक घालायचा आणि त्या क्रमांकापुढे गाव, शेतकऱ्याची संमती, बसवल्याची व रंग दिल्याची तारीख एका वहीत लिहायची, असे आम्ही ठरवले आहे. इतर कारखानदारांना ती वही दाखवायला माझी हरकत नाही. बाबांनी बसवलेल्या जाळ्या कुठे आहेत हे फोरमनकाकांना आठवते. येत्या रविवारी रंगाचे डबे घेऊन आम्ही तिघे देवलापारला जात आहोत.