गच्चीवरचं गोल्ड स्पॉटचं क्रेट

विद्या (ए-३०४), सकाळी ८:०७
सेक्रेटरीसाहेब, नमस्कार. काल गच्ची साफ केलीत त्यात टाकीमागचं लाकडी क्रेट कुठे गेलं? आत्ताच वर जाऊन आले, जागा रिकामी आहे. कृपया लगेच सांगा.

सेक्रेटरी (बी-१०१), ८:२६
विद्याताई, नमस्कार 🙏 गच्चीवरील बेवारस सामान भंगारवाल्यास देण्यात आले आहे. तशी सूचना १० दिवस आधी तिन्ही लिफ्टमध्ये लावली होती. पावसाआधी वॉटरप्रूफिंग उरकायचे आहे.

विद्या (ए-३०४), ८:२८
बेवारस कसं? क्रेटवर तेलरंगात बाबांच्या दुकानाचं नाव होतं. तुम्ही स्वतः लहानपणी त्या दुकानातून बर्फ न्यायचात.

निखिल (सी-४०१), ८:३५
ताई बाटल्या भरलेल्या होत्या का 😀

विद्या (ए-३०४), ८:३७
रिकाम्या. गोल्ड स्पॉटच्या. २४ चं क्रेट, त्यात १९ उरल्या होत्या.

निखिल (सी-४०१), ८:३८
गोल्ड स्पॉट म्हणजे फँटाच ना?

विद्या (ए-३०४), ८:३८
नाही.

आप्पा (ए-१०२), ८:५२
निखिल, तुझा जन्म व्हायच्या आधीच ते गेलं, म्हणून सांगतो. गोल्ड स्पॉट आपल्या पारल्याचं. बिस्किटवाल्या चौहान कुटुंबाचाच शीतपेयांचा धंदा होता. १९७७ मध्ये कोका-कोलाने देश सोडला, कारण परदेशी भांडवल कमी करा हा सरकारचा आग्रह त्यांना मान्य नव्हता. त्याच वर्षी थम्स अप आलं. सरकारने मॉडर्न ब्रेडवाल्या कंपनीकडून ७७ नावाचा कोला काढला, तो मी दोनदा प्यायलो आणि सोडला. गोल्ड स्पॉट मात्र या सगळ्याच्या आधीपासून होतं. मुंज, साखरपुडा, वाढदिवस, कुठेही जा, बायकामुलांना गोल्ड स्पॉट आणि पुरुषांना थम्स अप. १९९३ मध्ये कोका-कोला परत आली आणि रमेश चौहानांनी थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा, माझा सगळं त्यांना विकलं. थम्स अप इतकं खपत होतं की ते ठेवावंच लागलं. गोल्ड स्पॉट त्यांच्या फँटाच्या वाटेत येत होतं, ते बंद केलं. पुढे सिट्राही गेलं, स्प्राइटसाठी. आपल्याला आवडत नव्हतं म्हणून गेलं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

मंजूवहिनी (बी-२०३), ८:५८
सगळ्यांना विचारायचं होतं. आमच्या सासूबाईंना पान पसंद गोळी हवी आहे. रावळगावची. तीन दिवस झाले, तेच मागतायत. कोणाला कुठे दिसली तर कळवा.

सेक्रेटरी (बी-१०१), ९:१५
सूचना: गच्चीवर, जिन्यात व पॅसेजमध्ये वैयक्तिक सामान ठेवू नये. सर्वांनी सहकार्य करावे. 🙏

संध्या (बी-४०४), ९:२१
माझ्या बाथरूमच्या छतातून सहा महिने गळतंय. मी फोटो टाकले तेव्हा या ग्रुपवर दोघांनी अंगठा दाखवला, बस्स. आज रिकाम्या बाटल्यांसाठी सकाळपासून चर्चा चालू आहे. चालू द्या.

विद्या (ए-३०४), ९:२४
संध्या, गळतीचं काम व्हायलाच हवं आणि त्यासाठीच गच्ची रिकामी केली, हे मला कळतं. एक फोन करायला काय हरकत होती, एवढंच माझं म्हणणं आहे.

संध्या (बी-४०४), ९:२५
तुम्ही गेल्या वेळी फोन उचलला नव्हतात.

आप्पा (ए-१०२), ९:२६
मुलींनो, पुरे.

विद्या (ए-३०४), ९:४१
ज्यांना वाटतंय की बाटलीत काय एवढं, त्यांच्यासाठी लिहिते. हनुमान रोडवर बाबांचं छोटं दुकान होतं. सकाळी बर्फाची लादी यायची, गोणपाटात गुंडाळून भुशात ठेवायची. सुव्याने फोडायचं काम माझं. काउंटरला सुतळीने ओपनर बांधलेला असायचा आणि त्या सुतळीला कायम संत्र्याचा चिकट वास. बाटली परत आली की बाबा उजेडात धरून बघायचे, तोंडाला टवका गेलाय का ते. बाटल्या एकमेकींवर घासून घासून खांद्याशी पांढरं कडं पडायचं, जुन्या बाटलीची ती खूण. त्या १९ बाटल्यांना सगळ्यांना ते कडं होतं. १९९३ नंतर काही महिन्यांनी पुरवठा कमी होत गेला. एके दिवशी गाडी आली ती फँटा घेऊन. बाबांनी एक क्रेट परत दिलं नाही, डिपॉझिट सोडून दिलं. आयुष्यात त्यांनी कोणाचं काही ठेवून घेतल्याचं मला हे एकच उदाहरण माहीत आहे.

निखिल (सी-४०१), ९:४४
सॉरी ताई. मी मघाशी उगाच हसलो.

मंजूवहिनी (बी-२०३), ९:५०
पान पसंद कोणाला मिळाली का? स्टेशनसमोरच्या दोन्ही दुकानांत विचारलं, नाही म्हणाले.

निखिल (सी-४०१), ९:५३
काकू, रावळगाव रिलायन्सने घेतलं ना? म्हणजे कुठेतरी मिळत असेल.

आप्पा (ए-१०२), १०:०२
फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतलं. नावं आणि कृती मिळून २७ कोटींना. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक, टुटी फ्रुटी, सगळं त्यात आलं. वालचंद हिराचंदांनी १९३३ मध्ये मालेगावजवळच्या माळरानावर उसाची शेती आणि साखर कारखाना उभा केला, पुढे त्या साखरेच्या गोळ्या झाल्या. आमच्या बँकेतले अर्धे लोक दुपारच्या जेवणानंतर कॉफी ब्रेक चघळत बसायचे. २७ कोटींत आज पारल्यात किती फ्लॅट येतील ते मोजा, म्हणजे कळेल आपण या गोष्टींची किंमत काय केली.

विद्या (ए-३०४), १०:०६
सुटे पैसे नसले की दुकानदार गोळ्या द्यायचा. बाबांच्या काउंटरवर तीन बरण्या होत्या, त्यातली एक फक्त सुट्यांसाठी. आता लोक चार रुपयेसुद्धा फोनवरून देतात, ती बरणी कोणाला लागणार? गोळीवाल्यांचं निम्मं गिऱ्हाईक तिथेच गेलं असं मला वाटतं.

संध्या (बी-४०४), १०:११
हे मात्र खरं. माझ्या मुलाने लिमलेटची गोळी कधी बघितलीच नाही.

मंजूवहिनी (बी-२०३), १०:३०
कालच मी दुसऱ्या कंपनीची पानाच्या चवीची गोळी दिली. एकदा तोंडात घेतली आणि हातात काढून दिली. म्हणाल्या, ही आपली नव्हे. बाकी काही फारसं खात नाहीयेत, म्हणून विचारतेय.

आप्पा (ए-१०२), १०:३३
माईंना नमस्कार सांगा. संध्याकाळी येऊन जातो.

निखिल (सी-४०१), दुपारी १:१५
एक आशेची बातमी. पार्लेची रोला कोला गोळी बंद झाली होती. २०१९ मध्ये एकाने ट्विटरवर मागणी केली, कंपनी म्हणाली १०,००० रीट्विट आणा. लोकांनी आणले आणि त्याच वर्षी गोळी परत आली. आपणही गोल्ड स्पॉटसाठी करूया का? मी पोस्ट लिहितो.

आप्पा (ए-१०२), १:२२
कर. रिमझिम आठवतंय का कोणाला, जिऱ्याच्या चवीचं? ते कोका-कोलानेच परत आणलं. कॅम्पा २०२३ मध्ये परत आला. म्हणजे अशक्य काही नाही. पण ड्यूक्सचं मँगोला मी मागेन. चेंबूर शाखेत होतो तेव्हा जेवणाच्या सुट्टीत काचेच्या बाटलीतला मँगोला. ड्यूक्स १८८९ सालची, पांडोळे कुटुंबाची. पारशी लग्नात त्यांचा लालभडक रास्पबेरी सोडा नसेल तर ते लग्नच वाटायचं नाही. १९९४ मध्ये पेप्सीने घेतली. पेप्सीकडे स्वतःचं स्लाइस होतंच.

सेक्रेटरी (बी-१०१), १:४०
कृपया ग्रुपचा वापर सोसायटीच्या कामापुरता करावा. गच्चीवर सामान ठेवू नये, ही सूचना पुन्हा देत आहे.

विद्या (ए-३०४), १:४२
साहेब, पाचव्यांदा वाचलं. भंगारवाल्याचा नंबर द्या.

रोहन (सी-२०२, न्यू जर्सी), संध्याकाळी ६:३४
सकाळचा चहा घेताना सगळं वाचलं. इथे एडिसनच्या दुकानात पार्ले-जी मिळतं, किसमीसुद्धा मिळते. पण पारल्याचा वास कुठून आणणार? आमची गॅलरी फॅक्टरीच्या बाजूला होती. भट्टी चालू असली की आई वाळत घातलेल्या चादरी आत घ्यायची तेव्हा चादरींना बिस्किटांचा वास. शाळेतून लोकलने येताना डोळे मिटले असले तरी पारलं आलं हे कळायचं. २०१६ मध्ये फॅक्टरी बंद झाली त्यानंतर मी पहिल्यांदा आलो तेव्हा फलाटावर उतरून उभाच राहिलो. वास नव्हता. बाबा गेले त्यानंतर घरात शिरताना झालं होतं तसंच झालं.

आप्पा (ए-१०२), ६:४१
१९२९ ची फॅक्टरी. सुरुवात गोळ्या-चॉकलेटांनी, बिस्किटं १९३९ पासून. पूर्वी पुड्याला मेणकागद असायचा. तुझी आई तो इस्त्रीच्या तळाला घासायची, आमच्याकडेही तेच.

सेक्रेटरी (बी-१०१), ६:४५
रोहन, बरे झाले भेटलात. आपला तीन तिमाहींचा मेंटेनन्स बाकी आहे.

रोहन (सी-२०२, न्यू जर्सी), ६:४७
काका, मार्चमध्येच भरला आहे. पावती तुम्हाला मेल केली होती.

सेक्रेटरी (बी-१०१), ६:५५
तपासतो.

संध्या (बी-४०४), ७:०२
कोणी आरेच्या स्टॉलवरचं एनर्जी विसरलं का? काचेच्या बाटलीतलं थंड दूध. मी गोरेगावची. परीक्षा संपली की बाबा तिघी बहिणींना एकेक बाटली घेऊन द्यायचे, एरवी तिघींत एक. स्ट्रॉ तीन, बाटली एक. धाकटीचा स्ट्रॉ तळाला लागत नाही म्हणून ती रडायची. ती बहीण गेल्या वर्षी गेली. विद्या, मी सकाळी जरा जास्त बोलले.

विद्या (ए-३०४), ७:०५
मला माहीत नव्हतं ग. मी फोन उचलायला हवा होता. उद्या तुझ्याकडे येते, गळती बघायला पण.

मंजूवहिनी (बी-२०३), ७:४८
पान पसंदचं काही कळलं का कोणाला?

सेक्रेटरी (बी-१०१), रात्री ९:१०
विद्याताई, मी संध्याकाळी भंगारवाल्याकडे जाऊन आलो. क्रेटची एक बाजू गाडीत टाकतानाच तुटली आहे, तळ शाबूत आहे. नावाची फळी मिळाली. बाटल्या १९ पैकी ११ परत आणल्या, बाकीच्या काचेच्या ढिगात गेल्या होत्या, त्या ओळखता आल्या नाहीत. खांद्याशी पांढरं कडं बघून निवडल्या. सगळं बी विंगच्या मीटर रूममध्ये ठेवलं आहे. चावी वॉचमनकडे आहे. फोन करायला हवा होता, माझं चुकलं.

विद्या (ए-३०४), ९:१३
तुम्ही स्वतः गेलात?

सेक्रेटरी (बी-१०१), ९:१४
बर्फ आठवला.

आप्पा (ए-१०२), ९:२०
फळी माझ्याकडे द्या. सुतारकामाचं सामान आहे, बाजू बसवून देतो. तेलरंगाला हात लावणार नाही.

निखिल (सी-४०१), ९:३२
ताई, एक बाटली एक दिवसासाठी द्याल का? पोस्टसाठी फोटो काढायचाय. परत आणून देईन, टवका पडू देणार नाही.

विद्या (ए-३०४), ९:३३
ये घ्यायला. बाटलीची मान धरायची नाही, तळाखाली हात ठेवून न्यायची.

संध्या (बी-४०४), ९:४०
मंजूवहिनी, माझा भाऊ मालेगावला असतो, रविवारी येतोय. रावळगाव तिथून जवळच. त्याला सांगितलंय, तिथल्या दुकानांत विचारून बघेल. मिळाल्या तर किती आणायला सांगू?

मंजूवहिनी (बी-२०३), ९:४१
मूठभर पुरेत.