मदत हवी: कॅन्टीनचं आयटीसी (खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट) नाकारलंय, कॉन्ट्रॅक्टरचे कामगार मोजायचे की नाही?

नमस्कार मंडळी, कुंडईला एका फॅक्टरीत अकाउंट्स बघते. २०२२-२३ ची डीआरसी-०१ (जीएसटीची कर मागणारी नोटीस) आलीय, केटररच्या बिलांवरचं सगळं क्रेडिट व्याज-दंडासकट परत मागितलंय. कंपनीच्या मस्टरवर १७८ आणि दोन कॉन्ट्रॅक्टरची मिळून ११० माणसं, जेवतात सगळे एकाच कॅन्टीनात, शीत-हुमण सगळ्यांना तेच, फक्त कुपन कंपनीवाल्यांचं पिवळं नी कॉन्ट्रॅक्टवाल्यांचं हिरवं. आता ते कुपनच मुळावर आलंय, ऑफिसर म्हणतात हिरवे तुमचे कामगार नव्हेत, मग २५० च्या वर आकडा जात नाही, म्हणजे फॅक्टरीज अ‍ॅक्टच्या कलम ४६ खाली कॅन्टीन सक्तीचं नाही, म्हणजे जीएसटी कायद्याच्या १७(५) मध्ये क्रेडिट ब्लॉक.

वर आणि, केटरर ५ टक्के लावतो तो रेट आयटीसीशिवायचा, म्हणून तुम्हालाही क्रेडिट नाही म्हणे! ती अट त्याच्या खरेदीवर आहे ना?

ताटामागे १५ रुपये आम्ही पगारातून कापतो, त्या भागाचं काय करायचं तेही सांगा. सीए म्हणतात रक्कम लहान आहे, भरून टाका. पण पुढच्या वर्षांचं काय, एकदा भरलं की दरवर्षी भरत बसायचं? एकाने अल्ट्राटेकचा मुंबई हायकोर्टाचा २०१० चा निकाल जोडायला सांगितलाय, जोडू का?

प्रतिसाद १
ताई, भरू नका. २०२२-२३ ला लागू असलेल्या फॅक्टरीज अ‍ॅक्टच्या २(एल) मध्ये कॉन्ट्रॅक्टरमार्फत लावलेला माणूसही 'कामगार'च होता, कुपनाचा रंग कायदा बघत नाही. ५ टक्क्यांचं तुमचं बरोबर, ती अट केटररला. जीएसटीचं सर्क्युलर १७२ (६ जुलै २०२२) जोडा, कायद्याने सक्ती असेल तर क्रेडिट मिळतं हा परंतुक (अपवादाची तरतूद) १७(५)(बी) च्या सगळ्या कलमाला लागू आहे असं त्यात स्पष्ट लिहिलंय. पण ४६ हे राज्याच्या नियमांतून लागायचं, तेव्हा गोव्याच्या फॅक्टरी नियमांतला कॅन्टीनचा नियम आणि इन्स्पेक्टोरेटला दिलेलं वार्षिक रिटर्न लावा. नुसतं लायसन्स पुरणार नाही, त्यावर जास्तीत जास्त किती ते असतं, रोज सरासरी किती ते नसतं.

१५ रुपयांचा भाग मात्र मी तरी सोडला असता. गुजरातच्या अ‍ॅडव्हान्स रुलिंगांत (करदात्याने आधी विचारून घेतलेले निर्णय) कंपनीने सोसलेल्या खर्चापुरतंच क्रेडिट दिलंय. ती तुमच्यावर बंधनकारक नाहीत, पण तेवढ्यासाठी मुख्य मुद्दा कशाला अडकवायचा.

प्रतिसाद २
अल्ट्राटेक नको हां. तो सेनव्हॅटचा (जीएसटीआधीची क्रेडिट पद्धत), आणि कुठल्या सेवांवर क्रेडिट मिळतं त्याची व्याख्याच एप्रिल २०११ ला बदलली. शिवाय कामगाराकडून वसूल केलेल्या भागाचं क्रेडिट नाही असं त्यातच म्हटलंय, आपल्याच हाताने ऑफिसरला कशाला द्यायचं?

मूळ धागाकर्ती
देव बरें करूं दोघांनाही. लायसन्सवर ३०० आहे, पण रिटर्नमध्ये कॉन्ट्रॅक्टवाले धरलेत का ते एचआरलाच ठाऊक, आणि तो चवथीच्या रजेवर. उत्तराला मुदतवाढ मागून ठेवते.