मदत हवी आहे: कारागृहातली नोकरी, उडालेली झोप आणि एक भीती – डॉक्टरकडे गेलो तर खात्यात कळेल का?

नमस्कार मंडळी. गेली पाच-सहा वर्षं इथे नुसता वाचतोय, तेही पाककृती आणि गडकिल्ल्यांचे धागे. लिहितोय पहिल्यांदाच, तेसुद्धा नवीन आयडी काढून. समजून घ्या.

मी कारागृह शिपाई. १३ वर्षं सेवा झाली. राज्यातलं एक मध्यवर्ती कारागृह आहे, कुठलं ते विचारू नका. घरी बायको आणि दुसरीतली मुलगी. क्वार्टर भिंतीला लागूनच, त्यामुळे ड्युटी संपली तरी भिंत दिसतच राहते.

फेब्रुवारीत माझ्या रात्रपाळीत एका न्यायाधीन बंद्याने जीव दिला. पोरगा होता, फार तर २२-२३ वर्षांचा. मी गस्तीवर त्याच्या बरॅकपुढून गेलो तेव्हा गजाशी उभा होता. म्हणाला, "साहेब, किती वाजले?" मी म्हटलं, "पावणेतीन. झोप आता." आणि पुढे गेलो. पुढचं सांगत नाही.

कोठडीतला मृत्यू म्हटलं की २४ तासांत मानवी हक्क आयोगाला कळवावं लागतं, न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी लागते. ती लागायलाच हवी, माझी तक्रार नाही. तीनदा जबाब झाला. गस्तीची नोंद होती, माझ्यावर अजून काही आलेलं नाही. पण प्रत्येकाने एकच विचारलं, "तुला दिसलं कसं नाही?" साहेबांनी, चौकशीवाल्यांनी, चहाच्या टपरीवर बरोबरच्यांनीही. मी झोपतो का, हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

आता माझं काय होतंय ते लिहितो, म्हणजे जाणकारांना अंदाज येईल.

मोजणं थांबत नाही. आमच्याकडे सगळं मोजणीवर चालतं. उघडताना मोजणी, बंद करताना मोजणी. टोटल जुळली नाही तर एकही शिपाई घरी जात नाही, पुन्हा पहिल्यापासून. पूर्वी गेटबाहेर पडलो की ते डोक्यातून जायचं. आता एसटीत चढलो की डोकी मोजतो, मधल्या थांब्यावर चार उतरली की जीव खालीवर होतो. मेव्हणीच्या लग्नात तीन पंगती मोजल्या. रात्री घरच्या खिडकीचे गज हाताने वाजवून बघतो, आम्ही आत तसेच बघतो म्हणून. मुलगी शाळेत सांगून आली, "आमचे बाबा खिडकी वाजवतात."

दुसरं म्हणजे कोणी वेळ विचारली की घशात अडकतं. मुलीला शाळेत घड्याळ शिकवतायत. तिचा तेवढा अभ्यास बायको घेते. बायकोला कारण माहीत नाही, तिला वाटतं मी टाळतोय.

झोप तीन-चार तास. सुट्टीच्या आदल्या रात्री दारूची क्वार्टर घेतो, मग पाचेक तास लागते. पूर्वी महिन्यातून एकदा असायचं, आता दर सुट्टीला.

हे सगळं फेब्रुवारीतच सुरू झालं असंही नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये काही कारागृहं पूर्ण बंद केली आणि कर्मचारी आतच ठेवले, आठवत असेल. मी त्यात होतो. घर दीडशे पावलांवर आणि मुलगी व्हिडिओवर. बाहेर आलो तेव्हा ती माझ्याकडे यायला तयार नव्हती. तेव्हापासून मी जरा मुका झालोय, असं बायको म्हणते.

आत बंद्यांसाठी समुपदेशक येतात. चांगल्या बाई आहेत. मार्चमध्ये एकदा त्यांच्या खोलीबाहेर माझी ड्युटी लागली. ओळीत अकरा बंदी होते (मोजलेच). वाटलं, बारावा मी उभा राहावं. पण ज्यांना संध्याकाळी आत घालून मीच कुलूप लावणार, त्यांच्या मागे ओळीत कसा उभा राहू?

माझे प्रश्न:
१. सरकारी रुग्णालयात मानसोपचाराला गेलो तर ऑफिसला कळतं का?
२. कळलं तर ड्युटी, बढती, नोकरी यावर काय होतं? हवालदाराची यादी लागायची आहे.
३. हे आपोआप जातं का? जात असेल तर मी थांबतो.

"नोकरी सोड" कृपया सांगू नका. घराचं कर्ज आहे.

– पावणेतीन

आंबटचुका: वाईट वाटलं वाचून. ध्यान, प्राणायाम करून बघा. आमच्या सोसायटीत एकांना खूप फरक पडला.

गावठी_सत्य: कैद्यांकडून मोबाईलचे, गांजाचे पैसे खाताना बरी झोप लागते तुम्हा लोकांना. आता सहानुभूती हवी.

जुना_सुभेदार: गावठीसाहेब, जरा थांबा. पावणेतीन, मी ३४ वर्षं काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आमच्या वेळी यावर एकच औषध होतं आणि ते बाटलीत मिळायचं. माझ्या बॅचमधले चौघे निवृत्तीनंतर तीन वर्षांत गेले, लिव्हर नाहीतर हार्ट. मला सोडून आठ वर्षं झाली, अजून संध्याकाळी पाचच्या सुमारास किल्ल्या आहेत का म्हणून कंबर चाचपतो. बायको हसते, मीही हसतो. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: आपोआप जात नाही. माझ्याही पहाऱ्यात एक गेला होता, १९९७ साली. त्याचं नाव, बरॅक, अंगातला शर्ट सगळं सांगू शकतो. घरी आजवर सांगितलेलं नाही, इथे पहिल्यांदा लिहितोय.

आणि लोकांना एक कळत नाही. दर सहा बंद्यांमागे एक पहारेकरी, असं २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत लिहिलंय. रात्री एका माणसाकडे किती बरॅक असतात ते पावणेतीन सांगतील.

पावणेतीन: सुभेदार साहेब, तुमचं वाचून बराच वेळ बसून राहिलो.

रात्री माझ्याकडे चार बरॅक असतात. पन्नासच्या बरॅकमध्ये शंभरच्या वर माणसं, एकाच्या कुशीला दुसरा. त्या रात्री शेजारी झोपलेल्याला कळलं नाही.

गावठी_सत्य, खाणारे आहेत. खोटं बोलणार नाही. मोबाईल भिंतीवरून चेंडूत भरूनही येतात आणि गेटातूनही येतात. मी खात नाही, पण त्याचा पुरावा इथे देता येत नाही, तेव्हा सोडून द्या.

डॉ_निशिगंध: मी मनोविकारतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं जिल्हा रुग्णालयात काढली. फोरमवर निदान करत नाही. तुम्ही लिहिलंय ते आघातानंतर दिसणाऱ्या लक्षणांसारखं वाटतं, त्यात सतत तपासत राहणंही मिसळलंय. नक्की काय ते समोर बसूनच ठरेल. पण दोन्हींवर उपचार आहेत आणि चांगले आहेत. इतके महिने टिकलंय म्हणजे थांबून बघायची वेळ गेली.

आधी दोन प्रश्न, उत्तर टाळू नका. स्वतःला संपवावं असे विचार येतात का? आणि टॉवरवर रायफल घेऊन ड्युटी लागते का?

दारूचं: दारूने आलेली झोप पहाटे मोडते आणि दुसऱ्या दिवशीची धडधड वाढवते. मेडिकलवाल्याच्या ओळखीने झोपेची गोळी घेत असाल तर ती दारूबरोबर कधीही नाही. त्यात श्वास मंदावून माणूस जाऊ शकतो. डिप्रेशनसाठी किंवा चिंतेसाठी आम्ही देतो त्या बहुतेक गोळ्या वेगळ्या असतात. त्यांची सवय लागत नाही, पण असर यायला दोन-चार आठवडे लागतात. लोक पाचव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून सोडतात. तुम्ही सोडू नका.

पावणेतीन: डॉक्टर, खरं सांगतो. मरावं असं नाही, पण "आपण नसतो तर" हे येऊन जातं. जास्त करून पहाटे. टॉवर मार्चमध्ये होता, तेव्हा रायफल हातात नको वाटायची. का, ते मी स्वतःला विचारलं नाही. सध्या आत आहे, काठीवर. गोळी घेत नाही.

डॉ_निशिगंध: विचारल्यावर सांगितलंत, हे फार बरं झालं. मग आता क्रम बदलूया. आज रात्रीच बायकोला एवढं वाक्य सांगा, बाकीचं नंतर. घरात उरलेली बाटली तिच्याकडे द्या. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, केंद्र सरकारचा, २०२२ पासून सुरू आहे. २४ तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. ओपीडीच्या दिवसापर्यंत थांबायचं नाही. पहाटे तो विचार आला की तेव्हाच लावा. आणि टॉवरची पाळी लागली तर कुठलंही कारण सांगून बदलून घ्या.

आता पहिला प्रश्न. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार तुमच्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे. रुग्णालय तुमच्या कार्यालयाला पत्र पाठवत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी सिव्हिलला असते, तिथे जा. येरवडा (पुणे), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, पण त्यासाठी तिथेच जायला हवं असं नाही.

टिपणी_सादर: मी दुसऱ्या खात्यात आस्थापना शाखेत आहे, त्यामुळे कागद कुठून फुटतात ते सांगतो. डॉक्टरकडून फुटत नाहीत, दोन जागांवरून फुटतात. एक, वैद्यकीय प्रतिपूर्तीचं बिल. त्यावर आजाराचं नाव येतं आणि ते पाच टेबलांवरून जातं. तुम्हाला बिल लावायची गरजच नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. दोन, परिवर्तित रजा. ती वैद्यकीय प्रमाणपत्रावर मिळते. अर्जित रजा शिल्लक असेल तर आधी ती टाका, तिला आजाराचं कारण लागत नाही.

दुसरा प्रश्न. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २०: सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा पद खाली आणता येत नाही. काही दलांना यातून सूट देणाऱ्या अधिसूचना असतात. पण डिसेंबर २०२१ मध्ये रविंदर कुमार धारीवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या, म्हणजे सूट असलेल्या दलातल्या, अधिकाऱ्याला मानसिक आजाराच्या बाबतीत संरक्षण दिलं. तुमचा मामला तिथवर जाणार नाही. कोणी "काढून टाकतील" म्हणून घाबरवलं तर हे लक्षात असू द्या, एवढंच. यादीचं म्हणाल तर ओपीडीचा केसपेपर सेवापुस्तकात जात नाही.

शिपाईण: भाऊ, माझे मिस्टर पण आतच नोकरीला (दुसऱ्या जिल्ह्यात). आमच्याकडे दारूवरून सुरू झालं आणि दारूच्या खाली हे निघालं. ते मुक्तांगणला राहून आले, मी तिथे बायकांच्या गटात जायचे. माझं सांगणं वेगळं आहे. तुमच्या बायकोला ते "किती वाजले" सांगा. मी दोन वर्षं समजत होते की माझंच काही चुकलं. आमचे मिस्टर मुलांची दप्तरं तपासायचे, झडती घेतल्यासारखी, एकेक कप्पा. मला राग यायचा. कारण कळलं तेव्हा राग गेला असं नाही, पण कुणावर काढायचा ते कळलं.

मेपल_मुळशीकर: मी कॅनडात ऑंटारियोमध्ये कारागृहात काम करतो. २०१६ मध्ये इथे कायदा झाला. कारागृह कर्मचाऱ्याला आघातोत्तर तणावविकाराचं निदान झालं तर तो कामामुळेच झाला असं धरतात, कर्मचाऱ्याला सिद्ध करत बसावं लागत नाही. हे सगळं असूनही माझ्या पाळीतले निम्मे लोक डॉक्टरकडे चोरूनच जातात. तुम्ही एकटे नाही, एवढंच सांगायचं होतं.

आंबटचुका: माझा आधीचा प्रतिसाद उथळ होता. सॉरी.

पावणेतीन: सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देता येत नाही, फोनवरून टाईप करतोय.

काल रात्री बायकोला सांगितलं. तो पोरगा, वेळ, सगळं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "घड्याळाचा धडा अजून आठवडाभर आहे, मीच घेते." बाटली तिने मोरीत ओतली, मला न विचारता.

पहाटे १४४१६ लावला. क्वार्टरमधून बोलायचं नव्हतं, भिंती पातळ आहेत, म्हणून एसटी स्टँडवर जाऊन लावला. पलीकडे बाई होत्या, मराठी आपल्याकडचीच. वीस मिनिटं बोललो. मध्ये एक गाडी लागली आणि मी डोकी मोजायला लागलो. तेही त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, मोजून होऊ द्या, मी थांबते.

बुधवारी सिव्हिलला ओपीडी आहे, सकाळी नऊला केसपेपर. पाळी बदलून मागितली, मिळाली. अर्जात कारण 'दाढदुखी' लिहिलंय. सुभेदार साहेब, तुम्ही आमच्याच भागात असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बरोबर कोणीतरी असतं तर बरं झालं असतं, बायकोला त्या दिवशी मुलीच्या शाळेत जायचंय.

जुना_सुभेदार: व्यनि केलाय. साडेआठला गेटपाशी उभा असेन, सिव्हिलच्या. केसपेपर दोन काढू.