वानखेडेचं छत चढताना तुम्ही पाहिलंत का? (अनुभव धागा)

परवा गाडीने मरीन लाइन्स सोडलं आणि शेजारच्या खिडकीतल्या सात-आठ वर्षांच्या मुलाने आईला विचारलं, "ते पांढरं पांढरं काय आहे गं?" आई म्हणाली, "वानखेडे." झालं, त्याचं समाधान झालं. त्याच्या लेखी ते छत तिथे कायमचंच आहे. मला मात्र तिथे नुसतं आभाळ होतं ते दिवस आठवतात. नंतर क्रेन आल्या, नंतर लोखंडाच्या फासळ्या, आणि मग एका सकाळी त्या फासळ्यांवर ताणलेलं कापड.

२०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडेचं नूतनीकरण चाललं होतं, तेव्हा रोज जाता-येता ते छत बघणारी खूप माणसं होती. लोकलमधून, ऑफिसच्या खिडकीतून, गॅलरीतून. कुणी कामावरही असेल. तुम्ही काय पाहिलंत ते लिहा. दोन ओळी असल्या तरी चालतील.

सुरुवात माझ्यापासून. बोरिवली ते चर्चगेट, लेडीज डबा. चर्चगेटला जाताना स्टेडियम उजव्या हाताला येतं, म्हणून आमच्या ग्रुपमध्ये शेवटच्या दोन मिनिटांसाठी उजवीकडच्या दाराशी सरकायची पद्धत पडली होती. आमच्यातल्या निम्म्या जणी क्रिकेट बघत नसत, पण छताची खबर सगळ्यांना हवी असे. "आज कोपऱ्यात एक वाढलंय." "कालच्याएवढंच आहे." जानेवारी २०११ मध्ये बातमी आली की ईडन गार्डन्सचं काम वेळेत झालं नाही, म्हणून भारत-इंग्लंड सामना बंगळूरला हलवला. त्या दिवशी आमच्या डब्यात कुणीच काही बोललं नाही. सगळ्या नुसत्या बाहेर बघत होतो. अंतिम सामना आपल्याकडे, आणि आपल्या छतावर अजून माणसं चढलेली दिसतायत.

*

सोमवारचे फोटो

ताई, धागा काढलात, फार बरं वाटलं. मी विरारहून यायचो. दर सोमवारी एक फोटो काढायचा असं ठरवलं होतं. जागाही ठरलेली होती. रुळांलगत विजेचा एक खांब होता. तो मागे गेला की दोन सेकंदांनी बटण दाबायचं. साधा मोबाईल, त्यात गाडी हलणारी. कित्येकदा नेमकी समोरून दुसरी लोकल यायची आणि फोटोत नुसत्या खिडक्यांच्या रेघा. तरी दीड वर्षात ६१ फोटो बरे निघाले.

ते ओळीने लावले की एक गोष्ट कळते, जी रोज बघताना कळली नव्हती. छत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ सरकत गेलेलं नाही. आठवडेच्या आठवडे काही हलत नाही आणि मग एका सोमवारी अचानक अख्खा तुकडा झाकलेला. मला वाटायचं काम बंद पडलंय. आता वाटतं, त्या आठवड्यांमध्येच खरं काम चाललं असणार, खिडकीतून न दिसणारं.

*

वरच्या दादांसाठी

तुमचा अंदाज बरोबर आहे. मी तेव्हा स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि हे छत म्हणजे आमच्या वर्गाची चालती-बोलती प्रयोगशाळा होती. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

हे छत कँटिलिव्हर पद्धतीचं आहे. मागच्या बाजूला घट्ट धरलेलं, पुढची कड अधांतरी. घराच्या सज्जासारखं समजा, फक्त फार मोठं. प्रेक्षकांच्या पुढ्यात एकही खांब नाही, त्यामुळे कुठल्याही खुर्चीवरून खेळपट्टी आडकाठीशिवाय दिसते. हे साधायचं तर मागचा आधार आणि लोखंडी सांगाडा आधी अगदी अचूक बसवावा लागतो. सगळा वेळ त्यात जातो. वरचं कापड मापाने शिवून तयार येतं. ते वर चढवायचं, उलगडायचं, कडा पकडीत धरायच्या आणि मग हळूहळू ताण द्यायचा. म्हणून तुम्हाला "अचानक अख्खा तुकडा" दिसला.

ते कापड टेफ्लॉनचा लेप दिलेलं आहे. वजनाला हलकं, आणि तापत कमी. पण हलकं असणं हीच खरी डोकेदुखी. आपल्याला वाटतं छत खाली पडेल याची काळजी करायची. अशा छताच्या बाबतीत ते वर उडेल याची काळजी करावी लागते. समुद्र पश्चिमेला हाकेच्या अंतरावर. वारा कडेखालून शिरतो आणि छताला वर ढकलतो, शिवाय वरून जाणारा वारा त्याला ओढून घेतो. ढिलं कापड फडफडतं, आणि फडफडणारं कापड आज ना उद्या फाटतं. म्हणून त्याला कायम ताणलेलं ठेवतात, आणि सपाट न ठेवता एका दिशेने वर आणि दुसऱ्या दिशेने खाली वळवतात. पाणीही मग साचून राहत नाही. आमच्या सरांनी रुमालाचे चार कोन चौघांच्या हातात दिले होते. समोरासमोरचे दोन वर, उरलेले दोन खाली. सैल रुमाल एकदम कडक झाला. तो रुमाल मी विसरणार नाही.

आणि रंग! असं कापड कारखान्यातून येतं तेव्हा बिस्किटाच्या रंगाचं असतं. उन्हात राहून राहून पांढरं होतं. ज्यांनी सुरुवातीला "अरे, हे मळकट का दिसतंय" म्हणून हळहळ केली असेल, त्यांना हे सांगायचं राहून गेलं होतं.

*

बिस्किटाचा रंग

अगदी! माझं ऑफिस महर्षी कर्वे रोडवर, रुळांच्या अलीकडे, चौथा मजला. मी खरंच म्हटलं होतं की इतका खर्च करून मळकं कापड का लावलं. आज इतक्या वर्षांनी कारण कळलं. धन्यवाद.

*

दोन्ही वेळा पाहिलेला

मी वानखेडे दोनदा बांधताना पाहिलं आहे. पहिल्यांदा १९७४ मध्ये. कॉलेजात होतो. तिकिटांच्या वाटपावरून मुंबई क्रिकेट असोसिएशन आणि जवळच्याच ब्रेबर्न स्टेडियमच्या क्लबाचं बिनसलं आणि शेषराव वानखेडे यांनी स्वतःचं स्टेडियम बांधायचं मनावर घेतलं. सुमारे तेरा महिन्यांत उभं केलं. ते सगळं काँक्रीटचं काम. डोक्यावर घमेली घेऊन चढणाऱ्या बायकांच्या रांगा मला अजून दिसतात. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली आणि क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ केल्या. ओल्या सिमेंटचा वास गेलेला नव्हता अशा पायरीवर बसून मी त्या पाहिल्या.

दोन्ही वेळचे वास्तुरचनाकार शशी प्रभू. तरुणपणी आपण उभं केलेलं पस्तीस-छत्तीस वर्षांनी पुन्हा हाती घ्यायचं, आणि या वेळी वर कापड घालायचं! या गोष्टीचं मला फार अप्रूप वाटतं. नातवाला घेऊन मी मुद्दाम क्रेन दाखवायला गेलो होतो. त्याला क्रेनच आवडली, स्टेडियमशी त्याला देणंघेणं नव्हतं. चालायचंच, चार वर्षांचा होता.

*

ब्रेबर्नला जाताना

वानखेडे बंद होतं म्हणून डिसेंबर २००९ ची श्रीलंकेविरुद्धची कसोटी ब्रेबर्नवर झाली. छत्तीस वर्षांनी तिथे कसोटी. दुसऱ्या दिवशी सेहवाग नाबाद २८४. तिसऱ्या सकाळी चर्चगेटला उतरून घाईघाईने निघालो, तरी पाय आधी वानखेडेकडे वळले. फाटकाबाहेरून आत पाहिलं. मातीचे ढीग, सळ्या. स्वतःचं घर दुरुस्तीला काढलेलं असावं आणि सण शेजाऱ्याकडे साजरा करायला निघावं तसं वाटलं. सेहवाग २९३ वर गेला. संघ कसोटीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला, आनंद खूप झाला. पण हे आपल्या वानखेडेवर व्हायला हवं होतं, हे मनातून गेलं नाही.

*

बाबा वेल्डर होते

माझे बाबा त्या सांगाड्याच्या कामावर होते, शेवटचे सात-आठ महिने. आम्ही कल्याणला राहायचो. रात्रपाळी असली की सकाळी घरी यायचे आणि डोळ्यांवर ओली घडी ठेवून पडून राहायचे. ज्या ठेकेदाराकडे होते त्याने दोन महिन्यांचे पैसे फार उशिरा दिले, माझी फी त्यामुळे थकली होती. बाबा त्याबद्दल चिडायचे, पण कामाबद्दल कधी वाईट बोलले नाहीत. म्हणायचे, "उंचावर जोड नीट झाला की नाही हे खालच्या माणसाला कधी दिसत नाही. म्हणून तो जास्त नीट करायचा."

अंतिम सामना घरी टीव्हीवर पाहिला. आम्ही सगळे धावा बघतोय आणि बाबांचं वेगळंच. चेंडू वर उडाला की कॅमेरा वर जायचा, छताची खालची बाजू क्षणभर दिसायची, आणि तेवढ्यात ते बोट दाखवायचे. "तिथं, तिथं, त्या पट्टीच्या मागं." आम्ही बघेपर्यंत कॅमेरा खाली आलेला असे. धोनीच्या षटकारालाही आम्ही ओरडत होतो आणि ते वर बघत होते.

आता बाबा नाहीत. तो षटकार पुन्हा दाखवतात तेव्हा मी अजून वरची चौकट बघते.

*

१३ मार्च २०११

नव्या छताखालचा पहिला सामना कुणाला आठवतो का? न्यूझीलंड विरुद्ध कॅनडा. रविवार. अंतिम सामन्याचं तिकीट आपल्याला मिळणार नाही हे माहीत होतं, सर्वसामान्यांसाठी फारच थोडी होती. म्हणून मी आणि माझा भाऊ या सामन्याला गेलो, निव्वळ छत बघायला. स्टँड बरेचसे रिकामे. ते आमच्या पथ्यावर पडलं, कारण आम्ही दर तासाने जागा बदलत फिरलो.

आत शिरल्यावर पहिली जाणीव उजेडाची झाली. सावली होती, पण काळोखी नव्हती. पत्र्याखाली असते तशी जड सावली नाही, धोतराच्या आडून ऊन यावं तसा मऊ प्रकाश. भाऊ म्हणाला, "मांडवात बसल्यासारखं वाटतंय." वरती गरम हवा ओढून घेणारे पंखे बसवले आहेत, पश्चिमेची झुळूक आत यावी म्हणून. ती झुळूक आम्हाला खरंच लागली. जुन्या स्टँडमध्ये वर्तमानपत्राची टोपी करून बसलेली आम्ही माणसं, आम्हाला मार्चच्या उन्हात झुळूक म्हणजे चैन.

एक मात्र खरं. दुपार कलली की पश्चिमेचं ऊन छताच्या कडेखालून सरळ पूर्वेकडच्या स्टँडच्या तोंडावर येतं. त्याला छत काही करू शकत नाही. आम्ही तेव्हा दुसरीकडे सरकलो.

मॅकलमने शतक केलं, न्यूझीलंडने ३५८. कॅनडाचे खेळाडूही जिद्दीने खेळले, ९७ धावांनी हरले. बाहेर पडताना भावाने एका खुर्चीची पाठ थोपटली. त्यानंतर दोन एप्रिलला अंतिम सामना बघायला टीव्हीसमोर बसलो तेव्हा आमच्या बोलण्यात सारखं "आपण बसलो होतो ना, तो कोपरा" असंच येत होतं.

*

छत आलं, जागा गेल्या

सगळे छान लिहितायत, पण एक खंत मांडतोच. आधी सुमारे ४५,००० माणसं बसायची, नव्या रचनेत ३३,००० च्या आसपास. ऐसपैस खुर्च्या आल्या, लिफ्ट आल्या, खांब गेले. माझ्या आईला गुडघ्यांच्या त्रासातही तिथे जाता आलं, ते या बदलांमुळे, हे मी विसरत नाही. पण कमी झालेल्या त्या बारा हजारांत आम्ही नॉर्थ स्टँडवाले बरेच होतो. बाकावर अंग चोरून बसणारे, डबा चौघांत वाटून खाणारे. छत बांधताना मी रोज मोठ्या आशेने बघितलं आणि त्याखाली बसायला मिळालं ते पाच वर्षांनी. सुंदर आहे. त्याखाली आणखी माणसं मावायला हवी होती.

*

डी रोड

आमची गॅलरी स्टेडियमच्या बाजूला. धूळ, ड्रिलचा आवाज, रात्री दिवे, सगळं सोसलं. दोन एप्रिलच्या रात्री त्याची भरपाई झाली. आमच्या टीव्हीवर चेंडू पडायच्या आधी काही सेकंद खिडकीतून आवाज यायचा. त्यामुळे आम्हाला सगळं आधीच कळत होतं. सेहवाग शून्यावर गेला, सचिन अठरावर गेला, तेव्हा खिडकीतून काहीच आलं नाही. ती शांतता ऐकून आम्ही पडद्याकडे पाहिलं आणि श्रीलंकेचा मलिंगा धावत येत होता. सासूबाई उठून देवघरात गेल्या. शेवटी जो आवाज आला त्याने तावदानं थरथरली. टीव्हीवर धोनी अजून पवित्र्यात उभा होता आणि आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडलेलो.

*

आत होतो

मला तिकीट मिळालं होतं, मामाच्या कृपेने. डी रोडच्या ताईंनी आवाजाचं लिहिलं म्हणून सांगतो. नाणेफेक दोनदा झाली होती, आठवतं ना? त्यांच्या कर्णधाराने, संगकाराने, काय म्हटलं ते गोंगाटात ऐकूच गेलं नाही. माझी खात्री आहे की त्यात छताचाही वाटा होता. जुन्या वानखेडेत मी खूप सामने पाहिलेत. तिथे "सचिऽन, सचिन" सुरू झालं की ते वर निघून जायचं. या वेळी ते डोक्यावरून परत आपल्यावर येत होतं. छातीत जाणवत होतं.

*

पुन्हा सोमवारवाला

६१ वा फोटो जून २०११ चा आहे, तो सांगायचा राहिला. स्पर्धा संपून गेली होती, पण सवय सुटली नव्हती. पहिला मोठा पाऊस. गाडी नेमकी स्टेडियमसमोर सिग्नलला थांबली. पाणी छताच्या घड्यांमधून ओघळत होतं, वर कुठेही साचलेलं नव्हतं. आणि कापड, इंजिनिअर दादा म्हणतात तसं, पांढरं झालं होतं. दारातल्या एका काकांनी छत्री मिटता मिटता विचारलं, "गळत नाही ना?" मी म्हटलं, "नाही दिसत." ते म्हणाले, "उद्या परत बघा."