'मुलगी जरा हेल्दी आहे' : यातल्या 'हेल्दी'चा अर्थ काय?

शेवग्याची शेंग :
आई तीन महिन्यांसाठी इकडे न्यू जर्सीत आली आहे, त्यामुळे रोज संध्याकाळी घरात मराठी मालिका लागतात. परवा मालिका चालू असतानाच मावशीचा फोन आला. कुणाच्या तरी स्थळाबद्दल बोलणं चाललं होतं. आई म्हणाली, "मुलगी गुणी आहे गं, पण जरा हेल्दी आहे." माझी अकरा वर्षांची लेक शेजारीच बसली होती. फोन संपल्यावर तिने विचारलं, "आजी, हेल्दी आहे तर 'पण' कशाला?" आईला उत्तर सुचेना, आणि खरं सांगायचं तर मलाही.

इंग्रजीत निरोगी, मराठीत लठ्ठ. हा अर्थ आला कुठून? माझा संशय टीव्हीवर आहे. पडद्यावर 'जाडी' म्हणायची आता चोरी झाली, म्हणून हे गुळगुळीत शब्द आले असावेत.

पेठेतली काकू :
उगीच टीव्हीवर खापर फोडू नका. 'हेल्दी' हा शब्द नवा, युक्ती जुनीच. आपल्या 'तब्येत' या शब्दाकडे बघा. 'तब्येत कशी आहे?' म्हणजे प्रकृती. पण 'काय तब्येत झालीय!' म्हणजे अंग सुटलं. 'तब्येत उतरली' म्हणजे बारीक झाला. आरोग्य आणि घेर एकाच शब्दात बसवण्याची सवय आपल्याला आधीपासून आहे. 'तब्येतीने चांगली आहे' असं आमच्या वेळी स्थळ सांगताना म्हणायचे. तुमच्या आईने त्याचंच इंग्रजी केलं, बाकी काही नाही. जोडीला 'खात्यापित्या घरची' होतंच.

आणि लग्नानंतर माहेरी आलेल्या लेकीला 'सासर मानवलं वाटतं!' म्हणायचे, तेही विसरू नका. मालिकांतल्या सुनांना सासर कधी मानवत नाही. आठशे भाग होतात, दोन बाळंतपणं होतात, कंबर तेवढीच.

तालमीतला :
काकूंशी सहमत. आमच्याकडं कोल्हापुरात 'अंग धरलंयस की लेका' म्हटलं तर पोरगं आठवडाभर छाती काढून फिरतंय. खुराक लागू पडला असा त्याचा अर्थ. पण हेच त्याच्या बहिणीला म्हटलं तर ती दोन दिवस जेवणार नाही. शब्द एकच, माणूस बदलला की शिवी. पडद्यावरही तेच बघा. शंभर किलोचा बाप्या 'भारदस्त', 'रांगडा'. त्याच वजनाची बाई दारातून आत आली की मागं ढोल वाजवत्यात.

उपशीर्षकवाली :
माझं कामच पडद्यावरच्या शब्दांचं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मराठीत शरीराविषयी बोलायला विशेषणांपेक्षा क्रियापदं जास्त कामाला येत होती, असं मला वाटतं. अंग धरतं, बाळसं येतं, माणूस भरतो, सुटतो, रोडावतो, वाळतो, खंगतो. या सगळ्यांत काळ आहे. आज सुटलेला माणूस उद्या वाळेल, परत अंग धरेल. पडद्याला मात्र पात्राची ओळख पहिल्या दृश्यातच पक्की करायची असते. तिथे 'सुटली आहे' चालत नाही, 'जाडी' लागते. क्रियापद जाऊन टोपणनाव येतं, आणि नाव एकदा पडलं की पुसत नाही. हिंदी सिनेमातल्या उमादेवी खत्रींचं बघा. 1947 च्या 'दर्द'मध्ये गायलेल्या या गायिकेला पुढे पडद्यावर 'टुणटुण' हे नाव मिळालं, आणि ते देशभरातल्या शाळांच्या वर्गांतून प्रत्येक लठ्ठ मुलीला चिकटलं. गंमत म्हणजे मराठीत 'टुणटुणीत' म्हणजे ठणठणीत. आजी टुणटुणीत आहे म्हटलं तर कुणी आजीचा घेर मोजत नाही.

दुसरं उदाहरण इंग्रजीतलं. 2004 साली अमेरिकेत 'द बिगेस्ट लूझर' हा वजन घटवण्याचा स्पर्धात्मक कार्यक्रम सुरू झाला. लूझर म्हणजे गमावणारा आणि हरलेलाही. हा श्लेष मराठीत येत नाही. आपण 'वजन उतरलं' म्हणतो, जसा ताप उतरतो, नशा उतरते. पण चेहराही उतरतो, आणि तो उतरला की आई काळजीत पडते! असो. त्या कार्यक्रमातल्या 14 स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली. तो अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 13 जणांचं वजन पुन्हा वाढलं होतं, चौघांचं तर स्पर्धेआधीपेक्षाही जास्त. त्यांच्या आकाराच्या माणसाचं शरीर विश्रांतीत जेवढी ऊर्जा खर्च करतं, त्यापेक्षा यांचं शरीर दिवसाला सुमारे 500 कॅलरी कमी खर्च करत होतं. कार्यक्रमाची भाषा होती घाम, जिद्द आणि हार न मानण्याची. शरीर मात्र सहा वर्षं आपला हिशेब करत बसलं होतं. त्या हिशेबाला आपल्याकडे घरगुती शब्द नाही. 'चयापचय' हा पाठ्यपुस्तकातला.

दवाखान्यातून :
वरच्या प्रतिसादात 'आधी सगळं छान होतं' असा सूर लागतोय, म्हणून एक खडा टाकतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आठ निंदित शरीरं सांगितली आहेत. त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश दोघेही आहेत, आणि दोघांत कृश बरा असंही म्हटलं आहे. तेव्हा लठ्ठपणाला नावं ठेवणं टीव्हीने शिकवलेलं नाही.

वापराबद्दल : कागदोपत्री 'स्थूल' आणि 'अतिस्थूल' चालतात, पण रुग्णासमोर मी थेट 'वजन जास्त आहे' म्हणतो. वजन मोजता येतं, 'जाडी' मोजता येत नाही. शिवाय भारतीयांसाठी जास्त वजनाची मर्यादा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 23 पासूनच सुरू होते, म्हणजे पडद्यावरच्या कित्येक 'सडपातळ' नायकांनाही मला हेच सांगावं लागेल. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 24 टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या किंवा स्थूल निघाल्या. दर चौघींत जवळजवळ एक. मालिकेतल्या चाळीस पात्रांत अशी एखादीच, आणि तीही मैत्रीण.

अजून एक. 'तिला थायरॉइड आहे' हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. थायरॉइड सगळ्यांना असतो हो, ती ग्रंथी आहे! पण मी दुरुस्त करणं सोडलं. 'बीपी आहे', 'शुगर आहे' चालतं तसं हेही चालायचं. उलट त्या वाक्याने बाईची खादाडपणाच्या आरोपातून सुटका होते, हे रोज बघतो.

साखरआंबा :
'सुंदरा मनामध्ये भरली' कुणालाच कसं आठवलं नाही? 2020 साली कलर्स मराठीवर आली. लतिकाच्या भूमिकेत अक्षया नाईक, आणि ती मैत्रीण नव्हती, नायिका होती. नाव राम जोशींच्या लावणीतून घेतलेलं. 'भरली'तला श्लेष बघा : मनात भरली आणि अंगानेही भरली. उपशीर्षकवाली ताई म्हणतात ते क्रियापदच शीर्षकात आलं. कथेचा सगळा पीळ वजन आणि लग्न यांच्याभोवतीच होता हे खरं, पण शब्दाची निवड दाद देण्याजोगी.

तालमीतला :
आणि दूरदर्शनवरचे चिमणराव? तिथं हसू किडकिडीत माणसाचं व्हायचं. सोटा घेतलेला आडदांड गुंड्याभाऊ तर आधार वाटायचा.

पेठेतली काकू :
पाप्याचं पितर! किती दिवसांनी आठवला हा शब्द. त्या काळी बारीक माणसाला जितके टोमणे होते, तितके जाड्याला नव्हते. काडी पैलवान, हाडकुळा, लुकडा. भोपळ्यातली म्हातारीसुद्धा वाघाला सांगते की लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते. तेव्हा लेकीकडून बारीक होऊन परत येणं म्हणजे लेकीची बदनामी.

शेवग्याची शेंग :
सगळ्यांचे आभार. काकूंचा 'तब्येत'चा मुद्दा आईला वाचून दाखवला, तिला पटला. लेकीला मात्र पटलेला नाही. तिचा पुढचा प्रश्न : स्थळ मुलाचं असेल आणि तो जाड असेल, तर त्यालाही 'हेल्दी'च म्हणतात का? मी तरी ऐकलेलं नाही. कुणी ऐकलंय?

पेठेतली काकू :
नाही. त्याला 'स्वतःचा फ्लॅट आहे' म्हणतात.